काखमांजरीचे नऊ शिक्के

गेल्या महिन्यात आठ दिवस माझा उजवा हात वर होता. कुठल्या मोर्चाबिर्चात नव्हे, असाच, घरीदारी. उजव्या काखेत लिंबाएवढं गळू झालं होतं. त्याला आपल्याकडे काखमांजरी म्हणतात. इतकं गोंडस नाव ज्यानं ठेवलं त्याला ती कधी झाली नसावी. हात खाली घेतला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, म्हणून तो कोपरात वाकवून डोक्याशी धरलेला. नवी पेठेत सैल बाह्यांचा सदरा घ्यायला गेलो तर पन्नास पावलांत चार रिक्षा थांबल्या. चौथ्याला नको म्हटलं तर तो म्हणाला, "मग हात कशाला करतो बे?" मी, प्रदीप सरवदे, सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या नोंदणी विभागात आहे आणि त्यातली अकरा वर्षं मुख्य लिपिक. मला बे म्हणायची हिंमत आमच्या ट्रस्टींनीसुद्धा केलेली नाही.

जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये कुणाचंही दुखणं एकट्याचं नसतं. समोरच्या दारात सोमलिंग बिराजदार राहतात, वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी माझा हात पाहिला आणि चप्पल न घालताच बाहेर आले.

"पोटीस बांधा, सरवदे. गव्हाच्या पिठाचं, गरमागरम. एका रात्रीत फुटतंय."

मागून त्यांच्या पत्नी चन्नम्माकाकू आल्या. त्या अक्कलकोटकडच्या. "अय्यो, पोटीस कशाला? चुना आन् गूळ लावा की. आमच्या माहेरी सगळ्यांना त्येच लावत हुते."

"म्हणून तर तुझ्या माहेरी सगळ्यांना डाग हायत."

दोघं माझ्या काखेवरून अर्धा तास भांडले. शेवटी सकाळी पोटीस आणि संध्याकाळी चुना-गूळ असा तह झाला. काख माझी होती, पण तहात मला कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी गुळाला मुंग्या लागल्या, आणि हात वर असल्यामुळे त्यांनाही चढायला काही अडचण आली नाही. गळू मात्र फुटलं नाही. त्या लिंबाचा पेरू व्हायच्या बेतात होता.

आता तुम्ही म्हणाल, इस्पितळात नोकरी आणि काखेत गूळ? त्याचं कारण सांगतो. मला आमच्या इस्पितळात मागच्या दारानं जायचं नव्हतं. आणि पुढच्या दारानं गेलो तर मला माझ्याच नऊ शिक्क्यांतून जावं लागणार होतं.

झालं होतं असं. आमच्याकडे डॉक्टर आरोही म्हणून तरुण सर्जन आल्या. त्यांनी पाहिलं की गळू झालेला माणूस सकाळी उपाशी येतो, दिवसभर पडून राहतो, ऑपरेशन थिएटर मोठ्या केसेसना जातं, आणि याचा नंबर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी लागतो. काम दहा मिनिटांचं आणि खाट तीन दिवस अडलेली. त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडून, म्हणजे अधीक्षक डॉक्टर इंद्रजीत मोहित्यांकडून, रोजची एक वेळ मागून घेतली. सकाळी अकरा ते बारा थिएटर फक्त गळवांसाठी. सकाळी आठला उपाशी या, संध्याकाळी पाचच्या आत घरी जा. बाईंनी हे सगळं एका पानावर लिहून माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, "काका, एवढं कागदावर बसवून द्या."

मी बसवलं. एका पानाची नऊ पानं झाली. नऊ टेबलं, नऊ शिक्के, जमिनीवर टेबलापासून टेबलापर्यंत हिरवी पट्टी. मला आजही त्या कागदाचा अभिमान आहे. त्यात एकही रकाना उगाच नव्हता. चिंचोळी एमआयडीसीतले एकाच नावाचे दोन कामगार एकदा एकमेकांचे कागद घेऊन घरी गेले होते. एकाचं गळू होतं आणि दुसऱ्याचा पाय मोडला होता. गळूवाला सहा आठवडे काठी घेऊन हिंडला. म्हणून नववं टेबल: सकाळची सही आणि संध्याकाळची सही हुबेहूब जुळली तरच पेशंट बाहेर.

योजना सुरू होऊन सहा आठवडे झाले. त्या सहा आठवड्यांत एकही पेशंट त्याच दिवशी घरी गेला नाही. कुणी चौथ्या शिक्क्यावर अडकला, कुणी सातव्या. मी म्हणायचो, लोक अडाणी आहेत, पट्टी सोडून चालतात.

मग गुरुवारी मीटिंग झाली. मोठे डॉक्टर म्हणाले, "ही योजना सोमवारपासून बंद. पूर्वीसारखं तीन दिवस अ‍ॅडमिट. ही चालते असं दाखवायची जबाबदारी कुणी घेतंय का?"

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"वा! सरवदे!"

माझा हात वर होता. तो आठ दिवसांपासूनच वर होता, हे मी सांगू शकलो असतो. पण कोपऱ्यातून फार्मसीवाला हसला, आणि मला ते लागलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हो, मी घेतो. मला स्वतःलाच गळू आहे. उद्या सकाळी आठला मी पुढच्या दारानं येईन, ओळखपत्र न लावता, रांगेत उभा राहीन आणि पाचच्या आत फाटकाबाहेर पडेन. आणि तसं झालं तर योजना चालू राहील."

"उद्याच्या यादीत दोन नावं आहेत," मोठे डॉक्टर म्हणाले. "दोघंही पाचच्या आत बाहेर. नाहीतर बंद."

"दोघंही," मी म्हणालो. हात वर असल्यामुळे ते शपथ घेतल्यासारखं दिसलं असावं.

घरी आल्यावर सोमलिंग बिराजदारांना ऑपरेशनचं कळलं. त्यांनी वेळापूरच्या साडूची गोष्ट सांगितली, ज्याचा हात काखेत कापल्यावर लुळा पडला होता. मी म्हणालो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणार आहे. तेव्हा ते खरोखर दुखावले.

"त्याला ऑपरेशन म्हणत न्हाईत, सरवदे. मग आम्ही भेटायला कधी यायचं?"

"हिनं भाकरी-पिठल्याचा डबा ठरवलाय," असंही ते म्हणाले. दुसऱ्याच्या आजारपणात इतकी तयारी असलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, मला कळेना.

शुक्रवारी सकाळी आठला मी आणि माझी पत्नी बुद्धप्रिया पुढच्या दारात होतो. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि खोटं बोलत नाही. हा गुण पेशंटच्या नातेवाइकात फार गैरसोयीचा असतो. पहिल्या टेबलावर रकाना होता: पेशंटनं शेवटचं कधी खाल्लं. मी म्हणालो, रात्री आठला. ती म्हणाली, "रात्री साडेअकराला बरणीतली शेंगाचटणी बोटानं खाल्ली. मी पाहिलं." बोट उजव्या हाताचं की डाव्या, एवढंच विचारायचं राहिलं होतं. बाराच्या आतलं होतं म्हणून चाललं, पण माझ्यामागची सगळी रांग हसली.

दुसरं टेबल सहीचं. तिथं माझा विभागातला सहकारी जोतिराम बसला होता. चाळिशीचा, शांत, मी स्वतः घडवलेला माणूस. आज माझ्या रजेत दुसरं आणि नववं, दोन्ही सहीची टेबलं त्याच्याकडे होती. "नमस्कार साहेब," तो म्हणाला आणि लगेच, "ओळखपत्र?" मला भरून आलं. असा शिष्य मिळायला भाग्य लागतं.

सही करायला हात खाली येईना, म्हणून मी कागद भिंतीला लावला आणि डोक्याच्या उंचीवर सही केली. माझी सही साधी नाही. तिला सुरुवातीला मोठा प्र आहे आणि शेवटी कागदाच्या कडेपर्यंत जाणारा फराटा. ती सही मी सातवीत असताना बसवली. माझे वडील, भीमा सरवदे, गिरणीत होते. ते आयुष्यभर अंगठा उठवत आले. कागदावर अंगठा दिला त्या दिवशी घरी येताना ते वाटेतल्या पांढऱ्या भिंतीवर तो घासायचे. शाई जायची नाही, चामडी लाल व्हायची. मग दारात आल्यावर हात खिशात. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर सही केली तेव्हा ते म्हणाले, "प्रदीप, कुटंबी गेलास तरी अंगठा लावू नगंस." मी नाही लावला. गॅसच्या पुस्तकावरसुद्धा माझा फराटा आहे.

माझ्या मागे यादीतलं दुसरं नाव उभं होतं. रत्नम्मा गड्डम, पन्नाशीच्या आसपास, विडी कामगार. मानेच्या मागं गळू, त्यावर पदर गुंडाळलेला. तिला मान खाली घालता येत नव्हती आणि मला हात. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत होतो ते जरा ताठ्यातच.

"पंधरा दिवस झाले," ती म्हणाली. "इडी वळायला मान खाली लागती की. डोळ्यापुढं सूप धरून वळतेय."

"मग इतके दिवस आला का नाहीत?"

"तीन दिवस झोपायला मला कोन येळ देतंय ओ साहेब? घरात दोन नातवंडं हायत, त्यांची आई न्हाई. आज रातच्याला मी घरी पायजे. इथं लिवलंय पाचला सोडत्यात, म्हनून आले."

बोर्डावर ते मीच लिहिलं होतं. मोठ्या अक्षरांत, दोन उद्गारचिन्हांसह.

तिनं पेन हातात घेतलं तसा मी मोठ्या मनानं म्हणालो, "बाई, सही येत नसेल तर अंगठाही चालतो. खाली वेगळा रकाना आहे."

"येतंय की सही." तिनं सावकाश, एकेक गोल अक्षर काढत तेलगूत नाव लिहिलं. "चालतंय न्हवं?"

"चालतं. फक्त संध्याकाळी हुबेहूब अशीच आली पाहिजे."

"माझी एकच हाय ओ," रत्नम्मा म्हणाली.

तिथून आम्ही हिरव्या पट्टीवरून निघालो. पुढे मी, हात वर. मागे रत्नम्मा, मान ताठ. पट्टी रक्ततपासणीपाशी जाऊन अचानक संपली. तिथं गेल्या आठवड्यात नवीन फरशी बसवली होती. पुढची पट्टी शोधत आम्ही आधी बाळंतिणींच्या वॉर्डात गेलो आणि मग स्वयंपाकघरात. सहा आठवडे मी ज्यांना अडाणी म्हणत होतो ते सगळे इथंच हरवले असणार, हे मला भांड्यांच्या ढिगासमोर उभं असताना कळलं. स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, "गळूवाले ना? रोज येत्यात. डावीकडं जावा."

तिसऱ्या टेबलावर चौथ्या टेबलाचा कागद मागितला. चौथ्या टेबलावर तिसऱ्याचा शिक्का मागितला. मी तिसऱ्यावरच्या माणसाला म्हणालो, हे कुणी ठरवलं? त्यानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं माझी सही होती, फराट्यासकट.

अकराला आम्हाला हिरवे गाऊन दिले. कपडे कपड्यांच्या खिडकीत जमा, पावती नातेवाइकाकडे. गाऊनला मागं तीन नाड्या असतात आणि त्यांतली एक कायम तुटलेली असते. थिएटरच्या दारात सिस्टरनी कागद पाहिला.

"पाचवा शिक्का नाही. 'तपासले' असा."

"मारा मग."

"शिक्का तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे, काका. कुलपात. किल्ली तुम्ही कुणाला देत नाही."

किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती. पँट खिडकीत होती. पावती बुद्धप्रियाकडे होती, आणि बुद्धप्रिया शाळेत फोन करायला बाहेर गेली होती. साडेअकरा वाजत आले होते आणि बाराला थिएटर जाणार होतं. मी तसाच माझ्या टेबलाकडे निघालो. गाऊन मागून धरायला डावा हात आणि उजवा वर. मी बाह्यरुग्ण विभागाच्या भर गर्दीतून भराभर चाललो, मागून रत्नम्मा, तिच्यामागे सिस्टर. बाकावरचा एक म्हातारा उठून उभा राहिला.

"कसलं आंदोलन हाय ओ?"

"गळवाचं," रत्नम्मा म्हणाली.

"मग बराबर हाय," असं म्हणून तोही दहा पावलं आमच्याबरोबर आला. सत्तावीस वर्षं ज्या व्हरांड्यातून मी इस्त्रीच्या शर्टात गेलो, तिथल्या प्रत्येक माणसानं त्या दिवशी माझी पाठ पाहिली. पाठीच्या खालचं काय पाहिलं ते मी विचारलेलं नाही.

माझ्या टेबलाशी जोतिराम म्हणाला, "साहेब, ड्रॉवर फोडला तर?"

"खबरदार!" मी ओरडलो. "अकरा वर्षांत त्या ड्रॉवरला कुणी हात लावलेला नाही."

रत्नम्मा पुढं आली. "माझी मान कापायला मी तयार हाय, आन् तुमचं कुलूप कापायचं न्हाई व्हय?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता, आणि ती दुखतंय असं सकाळपासून एकदाही म्हणाली नव्हती. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "फोडा," मी म्हणालो. हाडांच्या विभागातून हातोडी आली. दोन घावांत ड्रॉवर उघडला. आत पाच नंबरचा शिक्का, शाईची डबी आणि अर्धा पुडा ग्लुकोजची बिस्किटं निघाली. आम्ही दोघं रात्रीपासून उपाशी होतो. दोघांनीही तिकडं न पाहण्याचा आव आणला.

थिएटरमध्ये आधी रत्नम्माला घ्यायला लावलं, मग मी. डॉक्टर आरोही म्हणाल्या, "काका, हात वरच ठेवा. तुम्हाला सवय आहे." काखेत भुलीचं इंजेक्शन दिलं, एक काप घेतला, आणि आठ दिवसांचा ठणका एका क्षणात ओसरला. मला तिथल्या तिथं रडू आलं. मी ते भुलीमुळे आहे असं सांगितलं. जखमेत पट्टी भरली, वर ड्रेसिंग केलं, उद्या पुन्हा बदलायला या म्हणाल्या. सगळं मिळून बारा मिनिटं. त्या मुलीचं एक पान बरोबर होतं आणि माझी नऊ चूक होती, हे मला त्या बारा मिनिटांत समजलं. पण मी ते मोठ्यानं बोललो नाही.

बोलायची वेळ पुढे आलीच. भूल काखेतून हाताला चढली आणि माझा उजवा हात झोपला. आठ दिवस खाली न येणारा हात आता वर होईना. बोटं दिसत होती, पण माझं ऐकत नव्हती. आरोही डॉक्टर म्हणाल्या, "कधीकधी होतं असं. घाबरू नका, सात-आठपर्यंत येईल जागेवर." हात गळ्यात झोळी करून बांधला. चहा-बिस्किटं मिळाली, तीनपर्यंत झोपवून ठेवलं, मग सहावा, सातवा आणि आठवा शिक्का. औषधाच्या खिडकीवर फार्मसीवाला पुन्हा हसला.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही नवव्या टेबलासमोर उभे होतो. समोर जोतिराम, आणि दारात टेकून मोठे डॉक्टर घड्याळ पाहत.

रत्नम्मानं सही केली. जोतिरामनं सकाळचा कागद शेजारी ठेवून भिंग लावून पाहिलं. "जुळतंय." शिक्का बसला. ती माझ्याकडे पाहून हसली, मान जपत बाहेर गेली.

मग मी. पेन उजव्या हातात ठेवलं, ते खाली पडलं. डाव्या हातात घेतलं आणि सही केली. प्र झाला नाही, काहीतरी गुंता झाला, आणि फराटा भलत्याच दिशेनं गेला.

"जुळत नाही, साहेब," जोतिराम म्हणाला.

"अरे, मी आहे! समोर उभा आहे!"

"तुम्ही आहात हे मला ठाऊक आहे. पण कागदाला ठाऊक नाही." तो अगदी नम्रपणे म्हणाला. "हे वाक्य तुमचंच आहे, साहेब. माझ्या पहिल्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात."

मोठे डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र राहा, सरवदे. उद्या हात आला की सही करा. योजनेचं सोमवारी बघू, म्हणजे बंदच करू. तुमच्याच नियमानं बंद पडली तर कुणावर ठपका नाही." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला दया दाखवलेली चालत नाही. रत्नम्मासारख्या बायका पुन्हा पंधरा-पंधरा दिवस डोळ्यांपुढं सूप धरून विड्या वळणार, कारण माझ्या सहीला शेपूट आहे!

"जोतिराम," मी म्हणालो, "नऊ-ब वाच."

त्यानं कागद उलटला. "नऊ-ब. पेशंट लिहू-वाचू शकत नसल्यास डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यावा. साक्षीदाराची सही आवश्यक. साक्षीदार इस्पितळाचा कर्मचारी किंवा पेशंटचा नातेवाईक नसावा." तो थांबला. "पण साहेब, तुम्ही सकाळी सही केलीत."

"सकाळी लिहिता येणाऱ्याला संध्याकाळी लिहिता आलंच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?"

जोतिरामनं नऊही पानं चाळली. पाच मिनिटं गेली. "नाही लिहिलेलं," तो म्हणाला, आणि मला वाटतं तो पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाला.

"सरवदे, वेडे आहात का?" मोठे डॉक्टर म्हणाले. "वर 'मी निरक्षर आहे' असं छापलंय. मुख्य लिपिक स्वतःला निरक्षर लिहून देणार? हे फाइलला राहील."

"राहू द्या."

साक्षीदार हवा होता. बुद्धप्रिया केव्हाच जिना उतरून धावत सुटली होती. फाटकाबाहेर रत्नम्मा शेअर रिक्षात बसली होती, रिक्षा भरून सुटायच्या बेतात होती. बुद्धप्रियानं नंतर सांगितलं की तिनं फक्त "सरवदे अडकलेत" एवढंच म्हटलं, आणि ही बाई रिक्षातून उतरली. रिक्षा निघून गेली. चार वाजून एकावन्न मिनिटांनी ती दारात आली, एका हातानं मान धरून, धापा टाकत.

"काय झालं ओ?"

"अंगठा लावतोय. तुमची साक्ष पाहिजे."

तिनं कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "सकाळी तर मलाच अंगठा लावा म्हनत हुता की तुमी!"

"म्हणत होतो. चुकलं माझं."

जोतिरामनं शाईची डबी पुढं केली. माझ्या फोडलेल्या ड्रॉवरमधलीच. मी डावा अंगठा बुडवला आणि थांबलो. खोटं कशाला बोलू, मला वडील दिसले. भिंतीवर अंगठा घासणारे. त्यांना दुसरा रकानाच नव्हता. कुणी कागद पुढं केला की अंगठा द्यायचा, वर काय लिहिलंय ते विचारायचं नाही. मला वर काय लिहिलंय ते माहीत होतं, ते मीच लिहिलं होतं, आणि ते मोडायला मी अंगठा देत होतो. मी तो कागदावर टेकवला आणि असा दाबला की खालच्या तिन्ही कार्बन-प्रतींवर उमटला.

रत्नम्मानं खाली सावकाश, गोल अक्षरांत नाव लिहिलं. जोतिरामनं भिंग लावलं. मला वाटलं, आता हा म्हणणार की साक्षीदार मराठीत पाहिजे. पण तो म्हणाला, "जुळतंय," आणि शिक्का मारला. मग उठून उभा राहिला. माझ्यासाठी तो कधी उठला नव्हता, मीच त्याला खुर्ची सोडू नये असं शिकवलं होतं.

"मोठे डॉक्टर," मी जाता जाता म्हणालो, "सोमवारपासून नऊ नाही, दोन शिक्के. एक आत येताना, एक बाहेर जाताना. आरोही डॉक्टरांचं एक पान. नऊ पानं मी माझ्या हातानं फाडणार आहे, हात आला की लगेच."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी निरक्षर आहे, साहेब. मला तुमचं नाही वाचता येणार."

जिना, व्हरांडा, बाह्यरुग्ण विभाग. सकाळचा म्हातारा अजून बाकावर होता. "मिळालं का काय?" त्यानं विचारलं. "मिळालं," मी म्हणालो. फाटक ओलांडलं तेव्हा पहारेकऱ्याच्या घड्याळात चार वाजून सत्तावन्न झाले होते. मी त्याला ते वहीत लिहायला लावलं, दोघांच्याही नावापुढे.

फाटकाबाहेर सोमलिंग बिराजदार आणि चन्नम्माकाकू उभे होते. भेटायची वेळ पाचनंतर म्हणून पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं होतं. एकाच्या हातात चार पुडांचा डबा, दुसऱ्याच्या खांद्यावर नवीकोरी सोलापुरी चादर. रात्री माझ्या खाटेजवळ झोपायची तयारी.

"बाहेर कसे?" सोमलिंग बिराजदार कळवळून म्हणाले. "अजून तीन मिनिटं हायत की!"

"आलो बाहेर," मी म्हणालो. चन्नम्माकाकूंनी तिथंच फुटपाथवर चादर अंथरली, डबा उघडला आणि रत्नम्माला आधी वाढलं. भाकरी, पिठलं आणि वर शेंगाचटणी. रत्नम्मानं दोन घास खाल्ले आणि उरलेलं नातवंडांसाठी कागदात बांधून घेतलं. मी उभ्यानं खाल्लं, डाव्या हातानं, अंगठा बाजूला धरून.

बुद्धप्रियानं पर्समधून रुमाल काढून ओला केला. "आण तो अंगठा इकडं. पुसते."

"राहू दे," मी म्हणालो.

रत्नम्माला घरी पोचवायचं होतं, तिची रिक्षा माझ्यामुळे गेली होती. मी रस्त्याच्या कडेला गेलो आणि डावा हात वर केला, शाईचा अंगठा सगळ्या रस्त्याला दिसेल असा. पहिलीच रिक्षा थांबली.